घरात नेट घेताय? तार ओढण्याआधी विचारा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी घरच्या इंटरनेटविषयी केलेलं हे भाषण. बऱ्याच जणींनी मागितलं, म्हणून जवळपास बोलल्याप्रमाणेच छापत आहोत.)



अध्यक्ष ताई म्हणाल्या, घरातल्या नेटवर वीस मिनिटं बोल. मी काही इंजिनिअर नाही. बारावी झालेय, गटाचं दप्तर लिहिते आणि घराच्या पडवीत ऑनलाईन फॉर्म भरायचं नि झेरॉक्सचं छोटं काम करते. पण नेट घेताना ज्या चुका करता येतात, त्या बहुतेक सगळ्या मी करून झाल्यात. त्या तुम्ही पुन्हा करू नका, एवढ्यासाठी उभी आहे.

तीन वर्षांपूर्वी मी गटातून पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. शेकडा एक रुपया व्याज, पंधरा हप्ते. त्यातून जुना प्रिंटर आणि नेटचं कनेक्शन घेतलं. आमच्या आळीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून तारेचंच नेट हवं होतं. केबलवाला म्हणाला, "उद्या जोडून देतो." मी खूश. किती पैसे एवढंच विचारलं. तार कोणती, कुठून येणार, मधे काय बसवणार, हे काही विचारलं नाही. त्याने आंब्याच्या झाडावरून, दोन घरांच्या पत्र्यावरून निळी तार ओढली, आमच्यापासून चौथ्या घराच्या ओट्यावर एक छोटा डबा ठोकला आणि गेला. नेट चालू झालं. मी पेढे वाटले.

पुढं काय झालं, तर नेट कधी चालायचं, कधी नाही. मला वाटायचं लॅपटॉप जुना आहे. मग शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आली. आमच्याच गटातल्या एका वहिनींची मुलगी दुपारी कागद घेऊन आली. माझ्याकडे गर्दी होती. मी म्हटलं, "संध्याकाळी निवांत भरू." संध्याकाळी सातला नेट गेलं. केबलवाल्याचा फोन लागेना. मुलीचे वडील, ती आणि मी टेकाडावर गेलो, मोबाईलवरून लावून बघितलं. कागद चढता चढता अर्ध्यात थांबायचे. रात्रीचे बारा वाजले. फॉर्म राहिला.

दुसऱ्या दिवशी कारण कळलं. तो ओट्यावरचा डबा त्या घरातल्या लाईटवर चालत होता. घरातली माणसं लग्नाला गेली होती आणि जाताना मेन स्विच बंद करून गेली होती. त्यांची काहीच चूक नाही. आपण घराला कुलूप लावताना हेच करतो. माझं नेट दुसऱ्याच्या बटणावर चालतंय, हे मला माहीतच नव्हतं.

त्या वहिनी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. गटाच्या बैठकीला यायच्या, बचत भरायच्या, माझ्याकडे न बघता सही करायच्या. हप्ता तर मला भरायचाच होता. म्हणून मी ठरवलं की हे काय यंत्र आहे ते समजून घ्यायचंच. जे कळलं ते आता सांगते. वही काढा.

पहिली गोष्ट: तार कोणती?

घरात नेट आणणाऱ्या तारा तीन प्रकारच्या असतात.

एक, टीव्हीच्या केबलची जाड, गोल तार. तिच्या मधोमध तांब्याची एक तार असते आणि टोकाला फिरवून बसवायची पितळी टोपी. तिच्यावर नेट घ्यायचं तर घरात केबल मोडेम नावाचा डबा लागतो. त्याच तारेवर टीव्ही पण चालवायचा असेल, तर मधे फाटा पाडणारा स्प्लिटर बसवतात. लक्षात ठेवा, दोन फाटे पाडले की प्रत्येकाला जवळपास निम्माच सिग्नल मिळतो. चार ठिकाणी फाटे पाडून उरलेल्या तुकड्यावर मोडेम लावला, तर तो उपाशीच राहणार. म्हणून सांगायचं, "मोडेमला पहिल्या फाट्यावरून सरळ तार द्या, टीव्हीचे फाटे नंतर."

दोन, फायबर. आत केसासारखी बारीक काचेची तार असते आणि तिच्यातून उजेड जातो. आजकाल बरेच केबलवाले हीच आणतात. खांबावरून घरापर्यंत लांब अंतर असलं तरी ती चालते, आणि मधे कुणाच्या घरातली लाईट लागत नाही. घरात जो डबा बसतो त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. ही तार काचेची आहे, म्हणून खिळ्याला गच्च बांधायची नाही, कोपऱ्यात घडी घालायची नाही, दारात चेमटू द्यायची नाही. आणि पोरांना सांगा, सुटलेल्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. तो उजेड आपल्याला दिसत नाही, पण डोळ्याला घातक असतो.

तीन, लॅनची तार. आत तांब्याच्या आठ बारीक तारा, टोकाला जुन्या टेलिफोनसारखी पण थोडी मोठी चौकोनी पिन. ही तार घरातल्या घरात, डब्यापासून लॅपटॉपपर्यंत फार चांगली. पण हिची मर्यादा शंभर मीटर. त्याच्या पुढं न्यायची तर मधे स्विच नावाचा डबा लागतो आणि त्या डब्याला लाईट लागते. माझ्याकडे जी झाडावरून आली होती, ती हीच.

तेव्हा पहिला प्रश्न विचारा: "माझ्या घरापर्यंत कोणती तार येणार, आणि मधे लाईटवर चालणारा डबा आहे का? असेल तर तो कुणाच्या घरात?" या एका प्रश्नाने माझा तो सगळा मनस्ताप वाचला असता.

दुसरी गोष्ट: तार घरात कशी शिरते?

पावसाचं पाणी तारेवरून ओघळत येतं. तार वरून सरळ भिंतीच्या भोकात गेली, तर पाणीही आत जातं. म्हणून भोकाच्या आधी तारेला खाली झोळ द्यायचा आणि मग वर वळवून आत घ्यायची. पाणी झोळावरून खाली टपकतं. मेस्त्री घाईत असतो, तो हे करत नाही. आपण उभं राहून करून घ्यायचं. भोक बुजवून घ्यायचं, नाहीतर उंदीर, मुंग्या आल्याच. आणि ही तार विजेच्या तारेच्या खांबाला, सर्व्हिस वायरीला बांधू द्यायची नाही.

तिसरी गोष्ट: डब्यावरचे दिवे वाचायला शिका

पासबुक वाचायला शिकलो, तसंच हे. फायबरच्या डब्यावर साधारण असे दिवे असतात. पॉवर, म्हणजे लाईट आली. पॉन, म्हणजे काचेच्या तारेतून उजेड आला आणि पलीकडच्या यंत्राशी ओळख पटली. हा हिरवा आणि स्थिर हवा. एलओएस, हा लाल दिवा लुकलुकला की तारेतून उजेडच येत नाही. तार तुटली, दबली किंवा मधे निघाली. तेव्हा डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही, केबलवाल्यालाच बोलवायचं. वायफायचा दिवा चालू आहे पण इंटरनेटचा नाही, तर घरातलं ठीक आहे, बाहेरून नेट येत नाही.

केबल मोडेमवर 'ऑनलाईन' नावाचा दिवा असतो. तो लुकलुकत राहिला आणि स्थिर झालाच नाही, तर आधी मागची पितळी टोपी हाताने घट्ट आहे का बघा. बऱ्याचदा ती सैल झालेली असते किंवा गंजलेली असते.

जोडणी झाल्यावर फायबरच्या मेस्त्रीला सांगा, "मीटर लावून सिग्नल किती ते दाखवा." त्याच्याकडे छोटं मीटर असतं. आकडा उणे येतो. उणे पंधरा ते उणे पंचवीसच्या दरम्यान असला तर बरं. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला तर आज चालेल, पण पुढं त्रास देईल. आकडा वहीत लिहून ठेवा. पुढं तक्रार करताना तो उपयोगी पडतो. आणि बाई आकडा विचारतेय म्हटल्यावर मेस्त्री टोक पुन्हा नीट बसवतो, हा माझा अनुभव.

चौथी गोष्ट: डबा ठेवायचा कुठं?

डबा ज्या खोलीत वापर जास्त, तिथं किंवा घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवा. लोखंडी कपाटात नाही, फ्रिजच्या मागं नाही, चुलीच्या धुरात नाही. पत्र्याची भिंत किंवा छप्पर वायफायला अडवतं. मातीच्या दीड-दोन फुटी भिंतीतून पण ते पार होताना दमतं.

नव्या डब्यात वायफायची दोन नावं दिसतात. ज्याच्या पुढं 5 जी लिहिलंय ते वेगवान, पण जवळपुरतं. दुसरं 2.4 चं, ते थोडं हळू पण भिंतीपलीकडे पोचतं. पडवीत बसून काम असेल तर 2.4 लावा, डब्याशेजारी असाल तर 5. मोबाईल नेटच्या 5 जीशी या नावाचा काही संबंध नाही, गोंधळू नका. आणि ज्या लॅपटॉपवर पोटापाण्याचं काम आहे, त्याला लॅनची तार थेट जोडा. आता माझा लॅपटॉप तारेवरच चालतो.

पाचवी गोष्ट: लाईट आणि वीज

लाईट गेली की डबा बंद. मोबाईल चार्ज असून उपयोग नाही. आपल्याकडे लाईट किती वेळ असते हे मी सांगायला नको. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, डब्याच्या अॅडॅप्टरच्या जागी जोडायचा. तो घेताना अॅडॅप्टरवरचा आकडा वाचा. बहुतेक डबे 12 व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअरचा आकडा तेवढा किंवा जास्त चालतो, कमी नको. व्होल्ट चुकला तर डबा जळतो. डबा दहा वॅट घेतो असं धरलं आणि दिवसरात्र चालू ठेवला, तर महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज जाते. हा खर्चही हिशोबात धरा.

आता आभाळातल्या विजेचं. वळीव आणि परतीचा पाऊस, दोन्हीत आपल्याकडे वीज पडते. तांब्याची तार झाडावरून आलेली असेल तर वीज तिच्यातून घरात येऊ शकते. माझा पहिला राउटर आणि लॅपटॉपचं तारेचं भोक असंच गेलं. वीज झाडावर पडली नव्हती, जवळ कुठंतरी पडली होती, तरी गेलं. काचेच्या तारेतून वीज जात नाही, पण तिला आधाराला पोलादी तार असते, आणि डब्याचा अॅडॅप्टर तर विजेच्या बोर्डातच असतो. म्हणून गडगडाट सुरू व्हायच्या आधीच अॅडॅप्टर काढायचा आणि तांब्याची तार असेल तर तीही डब्यातून काढायची. डोक्यावर गडगडायला लागल्यावर तारेला हात लावायचा नाही, डबा गेला तर जाऊ दे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप मोबाईलमध्ये ठेवा, आपल्या भागात वीज पडण्याची शक्यता असली तर ते सांगतं. शेतात जाणाऱ्या बायांना तर ते हवंच.

सहावी गोष्ट: वेग आणि पैसे

जाहिरातीत लिहिलेलं असतं 40 एमबीपीएस. आपल्याला वाटतं सेकंदाला 40 एमबी. तसं नाही. त्या आकड्याला आठने भागायचं. 40 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 5 एमबी, तेही सगळं सुरळीत असेल तर. फॉर्म भरायला, व्हिडिओ कॉलवरच्या प्रशिक्षणाला, दोघा मुलांच्या अभ्यासाला एवढं पुष्कळ झालं. उगाच मोठा प्लॅन घेऊ नका. पण दोन गोष्टी विचारा. अपलोडचा वेग किती? आपण कागद वर चढवतो, तेव्हा तोच कामाला येतो, आणि टीव्हीच्या तारेवर तो बऱ्याचदा फार कमी असतो. आणि महिन्याला किती डेटानंतर वेग कमी होतो?

पैशाचं असं. कोणी म्हणालं 399 रुपये, तर त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 470 रुपये 82 पैसे होतात. जोडणीचे वेगळे किती? डबा विकत की अनामत? कनेक्शन बंद केलं तर अनामत परत मिळते का? सहा महिन्यांचे आगाऊ मागतायत का? आगाऊ दिले की केबलवाल्याला आपली घाई राहत नाही. मी म्हणते, पहिला एक महिना महिन्याचेच द्या, नेट कसं चालतं बघा, मग आगाऊ. आणि प्रत्येक वेळी पावती. गटात आपण दहा रुपयांची पावती मागतो, इथं का लाजायचं?

ज्या जणी कामासाठी कर्ज काढून नेट घेणार, त्यांनी कागदावर मांडा. माझा पहिला हप्ता व्याजासकट 1,150 रुपये. नेट 470. झाले 1,620. एका फॉर्ममागे मला 30 रुपये सुटले, तर 54 फॉर्म भरल्यावर नुसता हप्ता नि नेट निघतं. माझी मजुरी त्याच्यानंतर. तुमच्या गावात महिन्याला 54 फॉर्म आहेत का, हे आधी बघा.

सातवी गोष्ट: सही, आधार आणि पासवर्ड

कनेक्शन आपल्या नावावर घ्या. कागद दिलात तर आधारच्या झेरॉक्सवर "फक्त नेट कनेक्शनसाठी" असं लिहून तारीख घाला. ओळख पटवण्याचा ओटीपी जोडणीच्या वेळी, समोर उभ्या माणसाने, आपण स्वतः वाचून खात्री केल्यावरच. नंतर फोन करून कुणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 वर फोन करायचा.

डब्याबरोबर आलेला वायफायचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर नको. शेजाऱ्याच्या पोराला नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. पण कनेक्शन आपल्या नावावर आहे. त्याच्यावरून कुणी काही उलटसुलट केलं, तर विचारायला आपल्याच दारात येतात. बऱ्याच डब्यांत पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय चालू करता येतं, त्याला वेगळा पासवर्ड. ते करून घ्या.

आठवी गोष्ट: बंद पडलं तर

क्रम पाठ करा. आधी दिवे बघा. मग टोकं घट्ट आहेत का बघा. मग डबा बंद करून एक मिनिट थांबून चालू करा. डब्यामागं छोटं भोक असतं, त्यात टाचणी घालू नका, सगळी मांडणी पुसली जाते. तरी नाही झालं तर तक्रार, आणि नुसती तोंडी नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा, नंबर घ्या, तारीख-वेळ वहीत लिहा. नुसतं "येतो येतो" चाललं तर त्याच कंपनीकडे अपील करायची सोय असते, त्याला पैसे लागत नाहीत. तेव्हा तो नंबर लागतो.

आणखी एक. घरी घेण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन भारतनेटची तार आली आहे का, चालू आहे का, हे विचारा. ग्रामसंघाच्या ऑफिसला तिथून जोडणी मिळत असेल, तर दहा जणींची कामं एका कनेक्शनवर होतील. आणि एखाद्या ताईला वायफाय इतरांना विकायचंच असेल, तर चोरून वाटण्यापेक्षा 2020 साली आलेल्या पीएम-वाणी योजनेची चौकशी करा. त्यात छोट्या दुकानदारालाही परवान्याशिवाय रीतसर वायफाय देता येतं.

शेवटचं सांगते आणि बसते.

त्या मुलीची त्या वर्षीची फी गटाने अंतर्गत कर्जातून भरली. तिच्या आईने ते फेडलं, शिष्यवृत्तीने जायला हवे होते ते पैसे त्यांच्या भाजीच्या पाटीतून गेले. मला ते अजून लागतं. पुढं मी गटात सगळं सांगितलं, तारेचं, ओट्यावरच्या डब्याचं, आणि माझ्या "संध्याकाळी भरू"चंही. केबलवाल्याकडून लेखी घेऊन फायबर ओढून घेतली. दुसऱ्या वर्षी फॉर्म सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्या वहिनी मुलीला घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "हिरवा आहे ना गं?"

म्हटलं, "हिरवा आहे वहिनी. आणि आज सकाळीच भरू."

तायांनो, पुढच्या बैठकीत हे प्रश्न वाचून दाखवा. ज्यांच्या घरी नेट येणार आहे, त्यांच्या घरी तार ओढायच्या दिवशी गटातल्या दोघी जणी जाऊन उभ्या राहा. एकटी बाई विचारायला कचरते, तिघी असल्या की मेस्त्री पण नीट उत्तरं देतो. आणि शेवटच्या तारखेचं काम शेवटच्या संध्याकाळवर ठेवू नका, तार कितीही चांगली असो.